अमेरिकेत पाव मिळत नाही म्हणे!

गेल्या महिन्यात एका ओळखीच्यांकडे पावभाजीचं आमंत्रण होतं. ते राहतात वुडलंड्सला, म्हणजे ह्यूस्टनच्या पार उत्तरेला. भाजी उत्तम होती. लोणी सढळ होतं. कांदा बारीक चिरलेला, लिंबाच्या फोडी व्यवस्थित मांडलेल्या. आणि पाव म्हणून ताटात जे काही आलं ते बघून मला गहिवरून आलं. फ्रोझन पाव! कधी, कुठे भाजला ते त्या पाकिटालाच ठाऊक. तिथून जहाजाने, ट्रकने, दुकानाच्या फ्रीझरमधून यांच्या फ्रीझरमध्ये, आणि शेवटी मायक्रोवेव्हमध्ये. पहिल्या मिनिटाला ओला, तिसऱ्या मिनिटाला रबर. आणि हे आणायला यजमान आदल्या दिवशी हिलक्रॉफ्टच्या देशी दुकानात जाऊन आले होते. जायला चाळीस मैल, यायला चाळीस मैल.

मग जेवताना नेहमीचं सुरू झालं. "काय करणार, अमेरिकेत पावच मिळत नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने पुण्यातल्या बेकरीची आठवण काढली, एकीने गोव्याच्या पोदेराची. एक जण म्हणाले, इथला ब्रेड म्हणजे कापूस. झालं, पाव या विषयावर अमेरिकेला दोषी ठरवून आम्ही गुलाबजामकडे वळलो.

मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण यजमानांचं मीठ (आणि लोणी) खाल्लं होतं. आता बोलतो.

मंडळी, हे साफ खोटं आहे. अमेरिकेतलं सोडा, सगळ्या अमेरिकेत मी राहत नाही. पण टेक्ससमध्ये राहून "इथे पाव मिळत नाही" म्हणणं म्हणजे कोल्हापुरात राहून तिखट मिळत नाही म्हणण्यासारखं आहे. वुडलंड्सहून हिलक्रॉफ्टला यायचं तर आय-४५ ने खाली यावं लागतं. त्या हायवेला खेटून एअरलाइन ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. तिथे भाजीबाजार आहे आणि बाजारासमोर 'एल बोलिओ' नावाची मेक्सिकन बेकरी आहे. दिवसभर तिथे गरम पाव निघत असतो. आमचे यजमान त्या बेकरीच्या बाजूने ताशी सत्तर मैलांच्या वेगाने फ्रोझन पाव आणायला गेले, आणि त्याच बाजूने फ्रोझन पाव घेऊन परत आले. वाटेत अशा आणखी किती बेकऱ्या लागल्या असतील त्याची तर गणतीच नाही. आणि हिलक्रॉफ्टला, ज्या भागाला २०१० पासून महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट म्हणतात, तिथे आपली साडीची, सोन्याची, मिठाईची दुकानं जिथे संपतात तिथून हाकेच्या अंतरावर गल्फ्टन आहे, आणि गल्फ्टनमध्ये बहुतेक सगळी वस्ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्यांची. ते लोक रोज पाव खातात. मग पाव भाजणारा कोणीतरी जवळपास असणारच, नाही का?

ज्यांना ही दुकानं माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्पॅनिशमध्ये पावाला 'पान' म्हणतात (हो, मीही सुरुवातीला हसलो), म्हणून दुकानाला पानादेरिया. आत गेलं की दारापाशी गोल ट्रे आणि चिमटे रचून ठेवलेले असतात. ट्रेवर कागद घालायचा, चिमटा हातात घ्यायचा आणि कपाटांपुढून फिरायचं. काचेची दारं आपणच उघडायची, हवं ते आपणच उचलायचं. शेवटी काउंटरवर ट्रे द्यायचा, ती बाई नग मोजते, पिशवीत भरते, आणि एवढा मोठा डोंगर घेऊनही बिल इतकं कमी कसं झालं याचं आपल्याला प्रत्येक वेळी आश्चर्य वाटतं.

कपाटात काय काय असतं? कोन्चा, म्हणजे गोल गुबगुबीत बन आणि वर साखरेच्या लेपाची शिंपल्यासारखी नक्षी. ओरेहा, म्हणजे कान. आपल्या खारीची थोरली बहीण, आणि ब्रिटानियाचे लिटल हार्ट्स ज्यांनी खाल्लेत त्यांना तिचा चेहरा लगेच ओळखू येईल. पोल्वोरोन तर जवळजवळ नानकटाईच. मारानितो म्हणून डुकराच्या आकाराची तपकिरी बिस्किटासारखी पोळी असते, तिच्यात आपल्या गुळाचा सख्खा भाऊ असतो, त्याचं नाव पिलोन्सिओ. (डुकराचा फक्त आकार. पुढे याबद्दल बोलणार आहे, शाकाहारी मंडळींनी धीर धरावा.)

पण आपला मुद्दा गोडाचा नाही. आपला मुद्दा बोलिओ. दोन टोकांना निमुळता, मध्ये फुगलेला, वर एक उभी चीर. बाहेरून कडक, आतून पांढरा आणि मऊ. गोव्याच्या माणसाच्या हातात डोळे मिटून दिला तर तो म्हणेल उंडो आहे, फक्त कोणीतरी ओढून लांब केलाय. गहू मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी नेला, सोळाव्या शतकात. बोलिओबद्दल मात्र असं सांगतात की १८६० च्या दशकात फ्रेंचांनी मेक्सिकोवर स्वारी केली तेव्हा त्यांच्या मागून आलेल्या बेकरांची ही देणगी. काही दुकानांत अजूनही त्याला पान फ्रान्सेस म्हणजे फ्रेंच पावच म्हणतात. त्याचा एक चपटा भाऊ आहे, तेलेरा, त्यावर दोन खाचा असतात आणि तो जास्त मऊ असतो. पावभाजीला तेलेरा घ्यावा. आडवा कापून तव्यावर लोण्यात दाबावा. मिसळीला बोलिओ, कारण रश्शात बुडवल्यावर त्याचा लगदा होत नाही. वडापावाला दोन्ही नाहीत, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. लादीपाव एकमेकांना चिकटून भाजला जातो म्हणून त्याच्या बाजू मऊ राहतात, आणि बोलिओ सुटा भाजला जातो म्हणून त्याला चहूकडून कवच येतं. वड्याला ते कवच सोसत नाही, टाळूला लागतं. पण वडापावासाठी ते गोड हवाईयन रोल वापरणाऱ्यांनी मला पावाचं शास्त्र शिकवू नये. वडा आणि शिरा एकत्र खाल्ल्यासारखं लागतं ते.

आता चांगला पाव म्हणजे काय, याचा विचार करू. माझ्या मते त्यात गुपित वगैरे काही नसतं. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, चिमूटभर साखर, किंचित स्निग्ध पदार्थ. हे सगळ्यांकडे असतं. मग फरक कुठे पडतो? खपात. बोलिओसारख्या पावात तूप-तेल आणि साखर जेमतेम असते, त्यामुळे तो झटपट शिळा होतो. सकाळचा पाव संध्याकाळी कडक होतो. पिठातला स्टार्च परत घट्ट बसायला लागतो, आणि गंमत म्हणजे हे काम फ्रीजमध्ये सर्वात जलद होतं. (पाव फ्रीजमध्ये ठेवणाऱ्या माझ्या दोन मावश्यांनी याची नोंद घ्यावी.) म्हणजे असा पाव विकायचा तर तो दिवसातून तीन-चारदा भाजावा लागतो, आणि तीन-चारदा भाजायचा तर दिवसभर घेणारी माणसं पाहिजेत. ही माणसं कोण? सकाळी कामावर जाताना दोन पाव नेणारा गवंडी. दुपारी शाळेतून पोरांना घेऊन येणारी आई. संध्याकाळी पिशवीभर नेणारी आजी. चांगला पाव टिकवायला फूडी लागत नाहीत, रोज पाव खाणारं मोहल्ल्याचं मोहल्लं लागतं. पोदेर गोव्यात सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजवत का फिरतो? तेच कारण.

आणि म्हणूनच माझा त्या दुसऱ्या टोळीवरही राग आहे, जी म्हणते, "नाही नाही, पाव मिळतो की, त्या अमुक ठिकाणी आर्टिझन बेकरी आहे ना!" ती बेकरी मला माहीत आहे. नऊ डॉलरला एक सावरडो. चांगला असतो, खोटं कशाला बोलू. पण तो शनिवारी फोटो काढून आणायचा पाव आहे. तो कापायला करवत लागते, आणि मिसळीबरोबर खाल्ला तर मिसळ त्याला घाबरते. क्वासाँ हा शब्द फ्रेंच माणसासारखा नाकातून उच्चारायला आपण शिकलो. 'बोलिओ' म्हणायला मात्र आपली जीभ वळत नाही. "अरे, तिथे स्पॅनिश बोलतात सगळे, आपल्याला कुठे येतं?" ट्रे आणि चिमटा आहे हो हातात! तोंड उघडायची गरज नाही. आकडा कॅश रजिस्टरवर दिसतो.

खरं कारण भाषा नाहीच. खरं कारण त्याच पार्टीत, त्याच टेबलावर मी पूर्वी एकदा ऐकलं आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे बोलिओंची पिशवी घेऊन गेलो होतो, गरम गरम, काचेला वाफ धरली होती गाडीत. वहिनींनी पिशवी हातात घेतली. "कुठून आणलेत?" मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून एक ढग गेला. "अय्या, तिकडे जाता तुम्ही?" मग दुसऱ्या कोणी विचारलं, एरिया कसा आहे तो. तिसऱ्याने विचारलं, हायजीनचं काय. पिशवी ओट्यावर टोस्टरच्या मागे गेली. निघताना मीच ती परत मागून घेतली.

आता त्या घराचं गवत कोण कापतं? मेक्सिकन माणूस. दर पंधरा दिवसांनी घर, त्यात स्वयंपाकघर आलं, ओटा आला, कोण पुसतं? एल साल्वाडोरची बाई. गारपिटीनंतर छप्पर कोणी घातलं? सांगायला नको. ते हात ओट्यावर चालतात. त्याच हातांनी भाजलेला पाव त्या ओट्यावर टोस्टरच्या मागे जातो.

माझी पणजी पाव खात नसे. खात नसे म्हणजे घरात येऊ देत नसे. त्या काळी बऱ्याच घरांत असंच होतं. पाव भाजणारे ख्रिस्ती, मुसलमान, इराणी. कणीक पायाने मळतात अशी एक वावडी होती, ती तुम्हीही ऐकली असेल. आणि पोर्तुगीजांच्या काळात विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या गोष्टी तर वसईकडच्या प्रत्येक घरात सांगतात. विहिरीतल्या एका पावाने माणूस बाटतो, म्हणजे तो पाव किती ताकदवान असेल! आपण आज या गोष्टींना हसतो. पणजीला नावं ठेवतो. आणि मग ह्यूस्टनमध्ये येऊन "हायजीनचं काय?" असं विचारतो. पणजी निदान स्पष्ट बोलायची की मला त्यांच्या हातचं नको. आपण 'एरिया' म्हणतो.

मी कोणी मोठा सुधारक लागून गेलो नाही. मी २००९ मध्ये ह्यूस्टनला आलो आणि पुढची आठ वर्षं मीही फ्रोझन पावच आणत होतो. माझ्या घराजवळ पानादेरिया होती. तिच्या पाटीवरचा सुजलेल्या गालांचा बेकर मी आठ वर्षं सिग्नलला थांबून बघत होतो. एकदाही आत गेलो नाही. विचारलं असतंत तर मीही काहीतरी सांगितलं असतं, वेळ नाही, पार्किंग नाही. मग २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळ आलं. आमचं घर वाचलं, पण चार-पाच दिवस आम्ही घरात कोंडलेले होतो, आणि त्या दिवसांत एक बातमी वाचली. एल बोलिओच्या वेसाइडच्या शाखेत काही बेकर पुराच्या पाण्याने अडकले. दोन दिवस बाहेर पडता येईना. नुसतं बसून काय करायचं म्हणून त्यांनी पाव भाजायला घेतला. भाजत राहिले. चार हजार पौंडांच्या वर मैदा संपवला. मालक पोचला तेव्हा पावांचे ढीग लागले होते, ते सगळे पुरात घरदार गेलेल्यांना वाटले गेले.

ती बातमी वाचताना मी काय खात होतो सांगू? मायक्रोवेव्हमधला पाव. खरंच. असल्या गोष्टी रचून सांगता येत नाहीत.

पाणी ओसरल्यावर पहिल्या शनिवारी एअरलाइन ड्राइव्हला गेलो. त्यानंतर फ्रोझन पाव घरात आलेला नाही.

आता शाकाहारी मंडळींसाठी, वचन दिल्याप्रमाणे. जुन्या पद्धतीच्या पान दुल्सेमध्ये, म्हणजे गोड प्रकारांत, डुकराची चरबी घालायची पद्धत आहे. बऱ्याच ठिकाणी आता वनस्पती तूप वापरतात, पण सगळीकडे नाही. बोलिओमध्ये स्निग्ध पदार्थ अगदी थोडा असतो, पण तो कुठला ते दुकानावर अवलंबून. तेव्हा विचारायचं. 'मान्तेका वेहेताल?' एवढे दोन शब्द पुरतात. वेहेताल म्हटल्यावर "सी" आलं तर घ्यायचं, नाहीतर पुढच्या दुकानात जायचं. मी विचारलं आहे, कोणी हसलं नाही, उलट आतून बेकरला बोलावून त्याच्याकडून खात्री करून दिली. चुकून काही पोटात जाईल अशी भीती ही खरी अडचण आहे, तिची मी टिंगल करत नाही. पण ती अडचण प्रश्न विचारून सुटते. 'एरिया'ची अडचण प्रश्न विचारून सुटत नाही.

आता बार्बेक्यू. इथे माझी बाजू जरा अवघड आहे, कारण पानादेरियाला नाक मुरडणारे वेगळे आणि बार्बेक्यूच्या पावाला नाक मुरडणारे वेगळे. दुसऱ्या प्रकारात माझे जवळचे मित्र मोडतात. (मी तिथे नेमकं कुठलं मांस खातो हा प्रश्न कृपया कोणी जाहीरपणे विचारू नये. आई वाचते. टर्कीही मिळते, कोंबडीही मिळते, एवढंच म्हणतो.)

टेक्ससच्या बार्बेक्यूच्या दुकानात मांसाबरोबर काय येतं? खाकी किंवा गुलाबी खाटकाचा कागद, त्यावर मांस, बाजूला लोणच्याच्या काकड्या, कच्चा कांदा, आणि साध्या पांढऱ्या ब्रेडचे दोन-चार स्लाइस. कधी अख्खी पिशवीच टेबलावर असते. माझा एक मित्र, जो घरी सावरडोचं विरजण फ्रीजमध्ये पाळतो आणि सुट्टीवर जाताना शेजाऱ्याला त्याला खायला घालायला सांगतो, तो दर वेळी तो स्लाइस दोन बोटांत धरून म्हणतो, "बारा तास लाकडावर शिजवलेलं मांस, आणि त्याला हा कापूस? अपमान आहे हा." आणि मग हल्लीच्या नव्या दुकानांची तारीफ करतो, जिथे ब्रिओश बन देतात, चकचकीत, पिवळा, बटर आणि अंड्याने भरलेला.

अरे बाबा, मांसच चरबीने निथळतंय. त्याला पुन्हा बटरचा पाव कशाला? पुरणपोळीबरोबर जिलबी खातो का आपण? (खातो, लग्नात. पण ते वेगळं.)

तो पांढरा स्लाइस तिथे का आहे हे समजून घ्यायला लॉकहार्टला जावं. ह्यूस्टनहून अडीच-तीन तास. तिथे क्राइट्स मार्केट आहे, १९०० सालापासूनचं. 'मार्केट' हे नाव उगीच नाही. मध्य टेक्ससमधली ही जुनी दुकानं मुळात जर्मन आणि चेक खाटकांची मांसाची दुकानं होती. दिवसभरात न विकलेलं मांस वाया जाऊ नये म्हणून ते मागच्या भट्टीत धुरावर शिजवायचे, सॉसेज करायचे. कापसाच्या हंगामात मजूर यायचे, मेक्सिकन आणि काळे, आणि त्यांना हे आयतं शिजलेलं मांस सोयीचं पडायचं. ताटं नव्हती, काटे नव्हते. कागदात मांस, आणि दुकानात जे विकायला असेल ते: क्रॅकर्स, ब्रेड, कांदा, लोणचं. क्राइट्समध्ये नंतरही कितीतरी वर्षं सॉसही नव्हता आणि काटाही नव्हता. हातानेच खा.

म्हणजे तो स्लाइस हा कापूस वेचणाऱ्याचा ताट, चमचा आणि रुमाल आहे, एकात एक. मांसाचा तुकडा त्यात धरायचा, वर कांदा आणि काकडी, घडी घालायची, आणि कागदावर उरलेला रस शेवटच्या तुकड्याने पुसून घ्यायचा. त्याला स्वतःची चव नको, कडकपणा नको. धूर, मीठ, मिरी आणि चरबी एवढी दांडगी मंडळी एकत्र जमल्यावर कोणीतरी गप्प बसणारा लागतो ना! पांढऱ्या रश्शाबरोबर भाताचं जे काम, तेच या स्लाइसचं. भाताला कोणी विचारतं का, तुझी स्वतःची चव काय?

तो ब्रेड नुसता खाल्ला तर काही खास नाही, मान्य आहे. घरी टोस्ट करून बघा, कंटाळाल. पण त्या दुकानात तो ताजा असतो, कारण गर्दीच्या दिवशी दुपारपर्यंत पिशव्यांमागून पिशव्या संपतात. पुन्हा तेच, खप.

आणि एक गंमत. टेक्ससमधल्या बार्बेक्यूच्या टेबलांवर 'मिसेस बेअर्ड्स' या ब्रेडची पिशवी वर्षानुवर्षं दिसत आली आहे. अस्सल टेक्सन ब्रँड. निनी बेअर्ड या बाईंनी १९०८ मध्ये फोर्ट वर्थला घरी भाजलेला ब्रेड विकायला सुरुवात केली, त्यातून ही कंपनी उभी राहिली. १९९८ मध्ये ती विकली गेली. घेतली कोणी? मेक्सिकोच्या ग्रुपो बिम्बोने, जी १९४५ मध्ये मेक्सिको सिटीत सुरू झाली. म्हणजे पिकअप ट्रकवर झेंडा लावून, मेक्सिकन लोकांना शिव्या देत बार्बेक्यू खायला आलेला जो कोणी असेल तो जो स्लाइस उचलतो, त्याचा नफा गेली पंचवीसहून अधिक वर्षं मेक्सिकोला जातो आहे.

हसू नका, आपलंही तेच आहे. लहानपणी मेणकागदातला मॉडर्न ब्रेड आठवतो? आजारी पडलं की दुधात कुस्करून मिळायचा तो. सरकारी कंपनी, १९६५ ची. २००० मध्ये सरकारने ती हिंदुस्तान लीव्हरला विकली, मग ती आणखी एका मालकाकडे गेली, आणि २०२१ मध्ये ती कोणी घेतली? बिम्बोने! तेव्हा 'मेक्सिकन पाव कसा असतो कोण जाणे' म्हणणाऱ्या माझ्या नातेवाईकांपैकी जे भारतात मॉडर्न ब्रेड खातात, त्यांनी तो सकाळी चहाबरोबर खाल्लेला आहे. फॅक्टरीतून मेणकागदात आला की चालतो. भट्टीतून हातावर आला की एरिया कसा आहे!

माझ्या मित्राला मी हे सगळं लॉकहार्टहून परतताना गाडीत ऐकवलं. तो म्हणाला, ठीक आहे, इतिहास वगैरे ठीक, पण म्हणून खराब ब्रेडला चांगला म्हणायचं? त्याच्या प्रश्नात तथ्य आहे. काही दुकानं ब्रेडकडे खरंच दुर्लक्ष करतात, आदल्या दिवशीची उघडी पिशवी, कडा वाळलेल्या. तिथे मीही खात नाही, आणि तसं सांगतो. दुसरीकडे काही जुनी दुकानं जाड स्लाइसला लोणी लावून तव्यावर भाजून देतात, टेक्सस टोस्ट, ते फार छान लागतं. माझं भांडण ब्रिओशशी आहे, म्हणजे मजुराच्या पदार्थातला मजुराचा पाव तेवढा काढून त्या जागी महागडा पाव ठेवण्याशी. मांस तेच ठेवायचं, धूर तोच ठेवायचा, जुनी लाकडी बाकं फोटोसाठी मुद्दाम शोधून आणायची, आणि ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं त्याचा दोन पैशांचा स्लाइस फक्त लाजिरवाणा वाटतो. आपल्याकडेही वडापाव आता हॉटेलात ब्रिओशमध्ये देतात, म्हणजे हा आजार तिकडेही पोचलाच आहे.

मागच्या वर्षी आई इथे आली होती. तिला काही न सांगता एअरलाइन ड्राइव्हला घेऊन गेलो. तिने ट्रे घेतला, चिमटा घेतला, आणि पहिल्या कपाटापुढे उभी राहून म्हणाली, "हे सगळं आपण आपणच उचलायचं?" मग अर्धा तास ती हलेना. प्रत्येक प्रकारासमोर थांबून मला विचारायची हे काय, ते काय. शेजारी एक तिच्याच वयाची बाई बोलिओ निवडत होती, चिमट्याने एकेकाला हलकं दाबून आवाज ऐकत होती. आईने तिच्याकडे बघून तसंच दाबायला सुरुवात केली. ती बाई हसली आणि मागच्या ट्रेकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली, बहुतेक हे आत्ता आले आहेत असं. आई मराठीत म्हणाली, "हो का? बरं झालं सांगितलंत." आणि मागचे सहा घेतले.

घरी आल्यावर चहात बुडवून एक खाल्ला, मग दुसरा घेतला. माझी पणजी म्हणजे तिची आजेसासू, तिच्याच हाताखाली आईचा नवा संसार गेलेला. तिसऱ्या घोटाला म्हणाली, "पायाने मळत नसतील ना रे?"

मी म्हटलं, विचारून येऊ का?

"नको," म्हणाली, "मळत असले तरी छान मळतात."

कोन्चाला आता आमच्या घरी कासव म्हणतात, आईनेच ठेवलेलं नाव. परवा फोनवर विचारत होती, पुढच्या खेपेला येताना काय आणू, आणि तिकडचं ते कासव मुंबईपर्यंत टिकेल का. टिकणार नाही. दुसऱ्या दिवशीच कोरडं पडतं. येत्या शनिवारी मी जाणार आहे, बोलिओ आणि तेलेरा दोन्ही आणणार आहे, वुडलंड्सच्या मंडळींना हवे असतील तर शुक्रवारपर्यंत कळवा, वाटेत ठेवून देईन. टोस्टरच्या मागे ठेवणार असाल तर मात्र कळवू नका.